बेसच्या पोटातलं तांबं

बेस गिटार बिघडली की बहुतेक वादकांचा पहिला संशय पिकअपवर जातो. आवाज मिणमिणता येतोय, मागे घूं घूं चालू आहे, एखादी तार दबून वाजतेय. लगेच निकाल लागतो की पिकअप गेला, नवा मागवा. यवतमाळात आमच्या ऑर्केस्ट्राच्या आणि भीमगीतांच्या पार्ट्यांमधल्या पोरांच्या गिटारी माझ्याकडे येतात, तेव्हा माझा क्रम उलटा असतो. आधी अर्थिंग, मग वायर आणि जॅक, मग गिटारीची मान, मग तारा आणि सगळ्यात शेवटी पिकअप. आपल्याकडची हवा आणि आपल्याकडची वीज, या दोघींनी जेवढे बेस बिघडवले तेवढे पिकअपने बिघडवलेले नाहीत.

बेस हे वाद्य अनेकांना नावाने ओळखता येत नाही, पण ते थांबलं की गाणं पोकळ वाटतं हे कुणालाही कळतं. ई, ए, डी, जी अशा चार जाड तारा. सगळ्यात जाड ई सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस आहे, तो कान देऊन ऐकला की चाल जमिनीवर कशी उभी राहते ते समजतं. कीबोर्डच्या डाव्या हातावर बेस वाजवता येतो म्हणून बऱ्याच पार्ट्यांनी बेसवाला ठेवणंच बंद केलं. मला ते पटत नाही. 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या रात्री, ढोलकी आणि खरा बेस एकमेकांना धरून चालतात, तेव्हा मंडपातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ते अंगावर येतं. कीबोर्डच्या बटणातून ती पकड येत नाही.

हे वाद्य घराघरात नेलं ते एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने. लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात 1938 साली त्याने रेडिओचं दुकान काढलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याआधी 1930 च्या दशकात सिएटलच्या पॉल टटमार्कने विजेचा बेस केला होता, पण तो चालला नाही. फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. तोवर बेस म्हणजे माणसाच्या उंचीचं उभं लाकडी वाद्य. न्यायला अवघड आणि ड्रम्सच्या आवाजात ऐकू न येणारं. फेंडरने त्याला आडवं केलं, मानेवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवले. त्यामुळे स्वर नेमका लागतो. म्हणून नाव प्रिसिजन. आज आपल्या बाजारात मिळणारे स्वस्त बेस बहुतेक त्याचीच किंवा 1960 च्या जॅझ बेसची नक्कल असतात, त्यामुळे दुरुस्तीही तीच लागू पडते.

पिकअपच्या आत असतं काय? लोहचुंबकाच्या कांड्या आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. बस. गिटारीची तार पोलादी असते, चुंबकाच्या सान्निध्यात तीही थोडी चुंबकीय होते. ती हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत अगदी क्षीण वीज तयार होते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेला हा नियम. शेतातल्या मोटारीच्या आत जे चालतं, त्याचीच उलटी बाजू.

आता घूं घूं कुठून येते ते सांगतो. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर 'जी' हा स्वर वाजतो, तो 49 चा. म्हणजे मंडपातल्या वायरींची गुणगुण नेमकी बेसच्या खोल स्वरांत येऊन बसते. गायकाच्या गळ्यात ती लपून जाते, बेसमध्ये नाही. फेंडरने यावर 1957 मध्ये तोडगा काढला. त्याने पिकअपचे दोन तुकडे केले, एक ई-ए तारांखाली, दुसरा डी-जी खाली. दोन्हींची गुंडाळी एकमेकांच्या उलट आणि चुंबकाची टोकंही उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत शिरते आणि एकमेकींना मारते. तारांचा आवाज मात्र शाबूत राहतो. म्हणून प्रिसिजन धर्तीचा बेस घुमत असेल, तर पिकअप सोडून दुसरीकडे शोधा. जॅझ धर्तीच्या बेसवर दोन वेगळे पिकअप असतात. दोन्हींच्या आवाजाचे नॉब पूर्ण उघडे असले तरच गुणगुण मरते. एक कमी केला की ती परत येते. तो बिघाड नाही, त्याची घडणच तशी आहे.

ओळखायची सोपी खूण आहे. तारांना हात लावला आणि घूं घूं कमी झाली, तर गिटारीतलं अर्थचं जोडकाम ठीक आहे. हात लावल्यावर वाढली, तर तारा जिथे टेकतात त्या ब्रिजखालची अर्थची वायर सुटली आहे. ब्रिज उघडून ती बारीक वायर पुन्हा दाबून बसवली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. नंतर आतल्या खाचेला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडायची. डिमरच्या दिव्यांची खरखर त्याने बरीच उतरते.

एक गोष्ट मात्र कुणी करू नये, आणि ती सर्रास होते. घूं घूं जावी म्हणून अँपच्या प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थची पिन, काढून टाकतात. आवाज स्वच्छ होतो आणि वादकाचा जीव टांगणीला लागतो. बेसच्या तारा अँपच्या लोखंडी पेटीला जोडलेल्या असतात, माइक मिक्सरला. एकीकडे करंट उतरला आणि अर्थ नसली की बोटं तारेवर, ओठ माइकवर आणि मधून वीज. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी मंचावरच विजेच्या धक्क्याने असाच मेला. आपल्याकडे मंडपाची वीज कधी जनरेटरची, कधी शेजारच्या घरातून ओढलेली. म्हणून मी कार्यक्रमाआधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवतो, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. आकडा मोठा आला तर मंडळाच्या अध्यक्षांनी कितीही घाई केली तरी वाजवायचं नाही. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, अर्थचा रॉड ओल्या जमिनीत ठोका, आणि 30 मिलीअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घ्या. तो एका कार्यक्रमाच्या मानधनात येतो.

विजेनंतर हवा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 44-45 च्या पुढे जातो आणि हवा कोरडीठाक होते. मानेचं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला बोचतात. पावसाळ्यात तेच लाकूड ओल पितं आणि मान पुन्हा हलते. नवरात्रात, यवतमाळच्या दुर्गोत्सवाच्या वेळी, उन्हाळ्यात लावलेला बेस तसाच वाजवायला घेतला की तारा खडखडतात. मग पोरं म्हणतात, पिकअप खराब. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे 0.3 मिलिमीटरच्या आसपास, हवी. कमी-जास्त असेल तर मानेतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा सुरात घ्या, मगच पुढचा पाव फेरा. जोर लावायचा नाही. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर ठेवली की हात सुखाने चालतो. आणि दुपारी गाडीत गिटार ठेवून जेवायला जाऊ नका. बंद गाडीत पिकअपचं मेणसुद्धा मऊ पडतं.

एवढं सगळं करूनही आवाज नसेल, तर पिकअपच्या दोन वायरींना मीटर लावा. जॅझ धर्तीचा पिकअप सात-आठ किलो-ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर तार आत तुटली. घामाने आणि पावसाळी ओलीने ती बहुधा टोकाशी, डागाजवळ तुटते. आधी तिथे भिंगाने बघा. नाहीतर रिवाइंडिंग, म्हणजे नवी गुंडाळी.

आणि रिवाइंडिंगसाठी मुंबई गाठायची गरज नाही, असं मी ठामपणे म्हणतो. व्होल्टेज वरखाली होऊन जळालेल्या शेतीपंपांमुळे आपल्या तालुक्या-तालुक्यात मोटार वाइंडिंगची दुकानं आहेत, आणि त्या माणसांच्या बोटांत जन्माची कला आहे. आमच्या ओळखीच्या वाइंडिंगवाल्या काकांसमोर मी पिकअपची तार ठेवली. 46 गेजची, 0.06 मिलिमीटर. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ती उजेडात धरली आणि म्हणाले, "भाऊ, ह्या तारेनं तं पंखाबी फिरत नाई, अन् तुमाले आवाज पायजे?" मग पंख्याच्या कॉइलचं मशीन घेतलं, बॉबिनला लाकडी ठोकळा केला, आणि तार दोन बोटांत फेल्टच्या तुकड्यातून सोडत राहिले. सैल सोडली तर गुंडाळी कुरकुरते, ताणली तर तुटते. काउंटरवर साधारण नऊ हजार वेढे, म्हणजे किलोमीटरभराहून जास्त तांबं. मीटर साडेसात किलो-ओहम बोलला. नंतर पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या डब्यात 65 अंशांपर्यंत गरम करून त्यात पिकअप बुडवला, म्हणजे वेढे आत हलत नाहीत आणि शिट्टी येत नाही. मेण थेट आगीवर ठेवायचं नाही. बॉबिन वाकडं होतं आणि मेण पेटही घेतं.

आवाज बदलायचा असेल तर पिकअपआधी टोनचा कपॅसिटर बदलून बघा. रेडिओ-टीव्हीवाल्याकडे 473 लिहिलेला हिरवा तुकडा काही रुपयांत मिळतो. आणि तारांनीही आवाज बदलतो. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन वर्षानुवर्षं त्याच जुन्या सपाट तारा वाजवत. सगळ्यांनी चकचकीत आवाजामागे धावायलाच हवं असं नाही.

काकांनी तो लाकडी ठोकळा आता जपून ठेवला आहे आणि पुसद, वणी, दारव्ह्याकडून मेलेले पिकअप येऊ लागले आहेत. पाठवताना एवढंच करा: पिकअप मानेजवळचा की ब्रिजजवळचा ते चिठ्ठीवर लिहा आणि जुनी गुंडाळी स्वतः सोडवू नका. दोन्ही पिकअपच्या गुंडाळीची दिशा एकमेकांच्या उलट असावी लागते. ती चुकली तर दोन्ही नॉब उघडल्यावर घूं घूं मरण्याऐवजी दुप्पट होईल.