पाळी नसताना दिसलेला डाग

पाळीला अजून दोन आठवडे आहेत आणि कपड्यावर हलका डाग दिसला. पोटात गोळा येतो, आणि आई तर तिकडे पुण्यात! बहुतेकदा कारण साधं असतं. स्त्रीबीज सुटताना एखाद-दोन दिवस असा डाग दिसतो. गर्भनिरोधक गोळ्या नव्या असतील तर पहिले ३ महिने, कॉपर-टीनंतर ३ ते ६ महिने.

गोळीला उशीर झाला तरीही. मिनी-पिलच्या काही गोळ्यांना जेमतेम ३ तासांचा उशीर चालतो, आणि भारताचं घड्याळ सिंगापूरच्या अडीच तास मागे. म्हणजे इथली रात्री ८ची गोळी तिथे साडेपाचला. मी तर मोबाइलवर गजरच लावते!

मात्र संबंधांनंतर रक्त गेलं, दिवस राहिल्याची शंका असली किंवा पाळी कायमची गेल्यावर डाग दिसला, तर थांबू नका, पॉलिक्लिनिक गाठा.