मुळांवरच्या गाठी आणि जिवाणूंचा वारसा

आपल्यापैकी अनेक घरांची शेती पैनगंगेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. श्रावणात बेला-जैनथकडच्या काळ्या रानात सोयाबीनचे एखादे झाड मातीसकट उकरून मुळे धुतलीत, तर त्यांवर लहान लहान गाठी दिसतील. तो रोग नव्हे. त्या गाठींत जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर पुरवते. ते हवेतला नत्र झाडाला घेता येईल अशा रूपात देतात. पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम चोळतात ते याचसाठी.

2002 साली जपानमधील काझुसा संशोधन संस्थेने सोयाबीनच्या अशाच एका जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला. सुमारे 91 लाख अक्षरांच्या त्या मजकुरात 8,317 संभाव्य जनुके आढळली. गाठी बांधण्याची आणि नत्र धरण्याची बरीच जनुके एका मोठ्या पट्ट्यात एकत्र होती. जणू एका गाठोड्यात बांधून ठेवलेली.

असे गाठोडे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते का? न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चाऱ्याच्या बियाण्याबरोबर बाहेरचे जिवाणू एका रानात पेरले होते. सात वर्षांनी तिथल्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांत निराळ्याच जातींचे जिवाणू निघाले. त्यांच्याजवळ गाठी बांधण्याची जनुके मात्र पाहुण्याचीच होती. स्थानिक जिवाणूंनी ते गाठोडे उचलले होते. हे संशोधन 1995 साली प्रसिद्ध झाले. पुढे ऑस्ट्रेलियात दुसऱ्या एका चाऱ्यावर असेच घडले. पण तिथल्या काही नव्या धन्यांनी गाठी बांधल्या आणि नत्र फारच कमी दिला.

आपल्या शिवारासाठी यातला धडा सरळ आहे : गाठी दिसल्या म्हणजे काम चालू आहे, असे समजू नये. पीक फुलावर येताना शेताच्या वेगवेगळ्या भागांतून चार-पाच झाडे उकरा. गाठ नखाने किंवा ब्लेडने कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर नत्र धरण्याचे काम चालू आहे; पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. गाठी पुष्कळ, पण फिक्या असतील, तर झाड साखर देत आहे आणि मोबदला मिळत नाही.

पाकीट आणताना त्यावरील मुदत पाहा, ते उन्हात ठेवू नका. बियाण्याला बुरशीनाशक आधी आणि जिवाणू शेवटी लावा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. युरिया सढळ हाताने टाकाल, तर झाड गाठींची फिकीर करणार नाही. आणि पुढच्या वर्षी पाकीट घ्यायचे की नाही, हे ठरवण्याआधी यंदाच्या गाठी एकदा कापून पाहा.