ऊन तर फ्लोरिडातही आहे

पोर्तुगालची जाहिरात करणारे आधी ऊन विकतात. वर्षातले तीनशे दिवस सूर्यप्रकाश, सोनेरी कडे, निळा अटलांटिक, पांढरी घरे. अमेरिकन प्रवाशांची तिकडे जी रीघ लागली आहे, तिचे कारण विचारले की हेच उत्तर तयार असते. रीघ खरी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतून पोर्तुगालला गेलेल्या पाहुण्यांची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली, आणि देश केवढा, तर लोकसंख्येने एक कोटीच्या थोडा वर आणि आकाराने महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान. पण कारण पटत नाही. अमेरिकन माणसाला ऊनच हवे असेल तर फ्लोरिडा आहे, हवाई आहे, कॅलिफोर्निया आहे. तिथे पासपोर्ट लागत नाही, भाषा बदलत नाही. फ्लोरिडाच्या समुद्रात तासन्‌तास डुंबता येते. पोर्तुगालचा पश्चिम किनारा मात्र भर ऑगस्टमध्येही पाय टाकताच शहारे आणतो, कारण उन्हाळ्यात तिथे उत्तरेचा वारा किनाऱ्याचे वरचे पाणी बाहेर लोटतो आणि त्या जागी तळाचे गार पाणी वर येते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही नेमके हेच घडते, म्हणजे हवामानापुरते पाहिले तर हा प्रवासी आठ-नऊ हजार किलोमीटर उडून घरच्याच हवेत उतरतो. शिवाय ऊन जुने आहे. आल्गार्व किनाऱ्याजवळचा फारोचा विमानतळ १९६५ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून ब्रिटिश नि जर्मन पर्यटक तिथे ऊन खात आहेत. अमेरिकनांची एवढी गर्दी मात्र गेल्या दहा-बारा वर्षांतली. तेव्हा कारण शोधायचे तर या वर्षांत काय बदलले आणि अमेरिकनाला घरी काय मिळत नाही, हे दोन प्रश्न विचारायला हवेत.

बदलाची सुरुवात संकटातून झाली. २०११ मध्ये पोर्तुगालची तिजोरी रिकामी झाली आणि युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ७,८०० कोटी युरोंची मदत घ्यावी लागली. पगार कापले गेले, कर वाढले, बेकारी पुढे १६ टक्क्यांवर गेली आणि शिकलेली तरुण पिढी बॅगा भरून बाहेर पडली. अशा अडलेल्या देशाकडे परक्या पैशासाठी चटकन बाजारात मांडता येण्यासारखे जे होते ते त्याने मांडले: जुनी घरे, राहण्याचा परवाना आणि सुट्टी. २०१२ मध्ये गोल्डन व्हिसा आला, पाच लाख युरोंचे घर घ्या आणि वास्तव्याचा हक्क मिळवा. २०१५ मध्ये टॅप ही सरकारी विमान कंपनी खासगी हातांत गेली. घेणाऱ्यांमध्ये डेव्हिड नीलमन होते, अमेरिकेतल्या जेटब्लू कंपनीचे संस्थापक. त्यांना अमेरिकन बाजार पाठ होता. २०१६ मध्ये बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाहून उड्डाणे सुरू झाली, २०१९ मध्ये शिकागो, सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन जोडले गेले. त्याच २०१६ साली टॅपने आणखी एक शक्कल लढवली. रोमला किंवा पॅरिसला निघालेल्या प्रवाशाने विमान बदलताना लिस्बनमध्ये काही दिवस मुक्काम केला, तर जादा भाडे नाही. ज्याच्या डोक्यात पोर्तुगाल नव्हताच, त्याच्या सहलीत तो आयता येऊन बसला. पुढे कोरोना साथीच्या काळात सरकारने कंपनी परत घेतली, नीलमन बाहेर पडले, पण पडलेली वाट मोडली नाही.

या वाटेचे महत्त्व कळायचे तर अमेरिकन नोकरदाराची रजा बघावी लागते. पोर्तुगालमध्ये कायद्याने वर्षाला २२ दिवस भरपगारी रजा मिळते. अमेरिकेत एकाही दिवसाची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही, मालक देईल ती सुट्टी. आठ-नऊ दिवस हातात असलेल्या माणसाला मोठा देश झेपत नाही. न्यूयॉर्कहून लिस्बन सुमारे सात तासांवर आहे, लॉस एंजेलिसपेक्षा जेमतेम तासभर जास्त. लिस्बनहून पोर्तो रेल्वेने तीन तास, दक्षिणेला आल्गार्व तेवढ्याच अंतरावर. म्हणजे राजधानी, द्राक्षमळे आणि किनारा एका आठवड्यात बसतात. भाषेची अडचणही थोडी, आणि त्याचे एक श्रेय चक्क सालाझारच्या हुकूमशाहीकडे जाते. देशी चित्रपटांना संरक्षण म्हणून १९४८ च्या कायद्याने परदेशी चित्रपटांचे पोर्तुगीजमध्ये डबिंग करायला बंदी घातली. शेजारच्या स्पेनमध्ये हॉलिवूडचे नायक स्पॅनिश बोलू लागले. पोर्तुगालमध्ये ते इंग्रजीच बोलत राहिले, खाली पोर्तुगीज ओळी. पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेली ती इंग्रजी आज हॉटेलात आणि दवाखान्यात उपयोगी पडते.

पण विमान आणि भाषा यांनी सोय होते, ओढ लागत नाही. ओढीचे मूळ दोन समाजांमधल्या तफावतीत आहे. लिस्बनच्या कुठल्याही गल्लीतल्या पास्तेलारियात, म्हणजे बेकरी आणि कॉफीचे दुकान यांच्या मधल्या जागी, सकाळी माणसे फळीशी उभी राहून ‘बिका’ पितात, काळी, घोटभर, लहान कपातली. सोबत पास्तेल द नाता, पापुद्र्याच्या वाटीत भाजलेले अंड्याच्या पिवळ्या बलकाचे कस्टर्ड, वरून करपल्याचे काळे डाग. कॉफी साधारण एका युरोत मिळते. किमान वेतनावरचा कामगार आणि त्याच्याच बँकेचा साहेब एकाच फळीशी उभे असतात, आणि दोघेही चालत आलेले असतात. अमेरिकन पाहुण्याला यात नवल वाटते ते कॉफीचे नाही. पायी जाता येईल असे गाव, रात्री अकराला बाईमाणसाला एकटीने परतता येईल असा रस्ता, बंदुकीचा विचारही मनात न येणारी शाळा, आजारपणात घर विकायला न लावणारा दवाखाना, या गोष्टी त्याच्या देशात एकतर मिळत नाहीत किंवा महाग वस्तीत घर घेऊन मिळवाव्या लागतात. जागतिक शांतता निर्देशांकात पोर्तुगाल वर्षानुवर्षे पहिल्या दहांत असतो, अमेरिका शंभराच्या पलीकडे. पोर्तुगालची सार्वजनिक आरोग्यसेवा १९७९ पासून आहे. ती रांगांनी आणि डॉक्टरांच्या तुटवड्याने त्रस्त आहे, तरी बिलाने कुटुंब बुडत नाही. अमेरिकन माणूस पोर्तुगालमध्ये जाऊन चैन विकत घेतो असे म्हणण्यापेक्षा साधेपणा विकत घेतो, असे म्हणणे जास्त खरे. घरी हाच साधेपणा चैनीच्या भावाला पोचला आहे.

आणि तो त्याला परवडतो, कारण कमाई तिकडची असते. डी-७ नावाचा व्हिसा पेन्शन, भाडे किंवा व्याज अशा बसल्या उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी दाखवायचे उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाशी बांधलेले, २०२५ मध्ये महिना ८७० युरो. अमेरिकेत निवृत्त कामगाराला सामाजिक सुरक्षेचे सरासरी दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतात आणि ते परदेशातही मिळत राहतात. म्हणजे ओहायोत काटकसरीने दिवस काढणारा पेन्शनर पोर्तुगालच्या कागदावर किमान वेतनाच्या दुप्पट कमावणारा ठरतो.

यावर काही आक्षेप येतात. एक असा की ही सारी फॅशन आहे, मडोना २०१७ मध्ये लिस्बनला राहायला गेली आणि लोक मागोमाग निघाले. फॅशनने पहिली खेप येते हे कबूल, पण दुसऱ्या सहलीला माणूस स्वतःच्या अनुभवावर निघतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: स्वस्ताईच कारण असेल तर मेक्सिको जवळ आहे, स्वस्त आहे, उन्हाचाही आहे, आणि अमेरिकन तिथे कितीतरी जास्त संख्येने जातात. बरोबर, म्हणूनच नुसती स्वस्ताई हे उत्तर पुरत नाही. मेक्सिकोच्या अनेक भागांत सुरक्षिततेची धास्ती असते आणि बरेचसे पर्यटक कुंपणाच्या आतल्या रिसॉर्टमध्ये राहतात. पॅरिस, झुरिक निर्धास्त आहेत, पण तिथे डॉलर लवकर संपतो. निर्धास्तपणा आणि परवडणारा भाव एकत्र देणारे देश पश्चिम युरोपात थोडेच, पोर्तुगाल त्यांत ठळक. तिसरा आक्षेप, आठ दिवसांच्या पर्यटकाला दवाखान्याशी काय देणेघेणे? पर्यटक वीस लाखांवर, तर स्थायिक झालेले अमेरिकन अजून हजारांतच मोजण्याइतके, हेही खरे. पण पर्यटक जेवणाच्या बिलात आणि रात्रीच्या फेरफटक्यात तीच तफावत अनुभवतो, स्थायिक होणारा ती वर्षभर अनुभवतो. पोर्तुगालच्या करसवलतींचे कारणही फार ताणता येत नाही, कारण अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही राहिला तरी कर मागते.

ही ओढ उन्हावर नाही, बाहेरच्या कमाईवर उभी आहे, याचा सर्वांत चोख पुरावा गोमंतकात सापडतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क सांगता येतो. हजारो गोवेकरांनी जुने दाखले शोधून, लिस्बनला जन्मनोंदणी करून आणि भारतीय नागरिकत्वावर पाणी सोडून तो पासपोर्ट घेतला. ऊन आणि किनाराच ओढत असते, तर चर्च, मासळी आणि पाव या सगळ्यांची आधीच ओळख असलेले हे लोक लिस्बनला स्थिरावले असते. ब्रेक्झिटपूर्वी त्यांतले बहुतेक पोर्तुगाल ओलांडून थेट ब्रिटनला गेले, स्विंडनच्या गोदामांत आणि कारखान्यांत कामाला लागले. त्यांना कमवायचे होते, आणि पोर्तुगाल कमवण्याची जागा नव्हती. खुद्द पोर्तुगीज तरुणही त्याच कारणाने लंडन नि लक्झेंबर्ग गाठतात. एकाच विमानतळावर, एकाच उन्हात, अमेरिकन उतरतो आणि लिस्बनची नर्स चढते.

त्या नर्सला आपल्याच शहरात खोली परवडत नाही, हा या ओढीचा दुसरा भाग. २०२३ मध्ये घरांच्या प्रश्नावर पोर्तुगालच्या शहरांत मोठे मोर्चे निघाले आणि त्याच वर्षी सरकारने घर खरेदीवर गोल्डन व्हिसा देणे बंद केले. लिस्बन महापालिकेने सप्टेंबर २०२४ पासून पर्यटकांवरचा रात्रीचा कर दोनवरून चार युरो केला. पण दोष एकट्या पाहुण्याच्या माथी मारता येणार नाही. पडायला आलेल्या इमारती याच पैशाने उभ्या राहिल्या आणि संकटातल्या देशाला पर्यटनानेच हात दिला. चूक धोरणात होती. भाडेकायदे २०१२ मध्ये सैल झाले, परदेशी खरेदीदाराला पायघड्या घातल्या गेल्या, मात्र पगार वाढवण्याची आणि परवडणारी घरे बांधण्याची घाई कुणी केली नाही. दिल्ली-मुंबईच्या पैशाने आसगाव, शिवोलीतल्या घरांचे भाव कुठे गेले हे पाहणाऱ्या गोवेकराला लिस्बनची तक्रार वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा ही ओढ किती काळ टिकेल, हे हवामान खाते सांगणार नाही. भाडी अशीच चढत राहिली, तर आज विकला जाणारा साधेपणा लिस्बनमध्येही महाग होईल आणि डॉलरवाला पुढचा देश शोधेल. उलट पोर्तुगालने आपल्या माणसांचे पगार वाढवले आणि त्यांना शहरात टिकवले, तर स्वस्ताईच्या शोधातले पाहुणे थोडे घटतील, पण त्यांना जे आवडते ते गाव शिल्लक राहील. चालण्याजोगा रस्ता आणि एका फळीशी उभी राहणारी माणसे स्थानिकांनी घडवलेली आहेत. त्यांना बाहेर काढून ती विकता येत नाहीत, एवढे लिस्बनच्या कारभाऱ्यांनी ओळखले तरी पुरे.