क्यामशाफ्ट बदलताना टॅपेट चेंबरमध्ये पडू देऊ नका, कपड्याचा चिमटा वाचवेल तीन दिवस

मृगाचा पाऊस झाला, रानात वाफसा आला आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर गॅरेजला उभा! दोन वर्षांपूर्वी माझ्यावर ही वेळ आली. क्यामशाफ्ट झिजला म्हणून इंजिन खोललं. शाफ्ट ओढताना आतून 'टण्' आवाज आला. एक टॅपेट निसटून चेंबरमध्ये पडला होता. तो काढायला चेंबर सोडवावा लागला. एका दिवसाचं काम चार दिवसांवर गेलं आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागली. हे तुमच्यावर येऊ नये म्हणून ही माहिती.

टॅपेट पडतो कशामुळे?

बहुतेक ट्रॅक्टरच्या इंजिनात क्यामशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो. क्रँकचे दोन फेरे झाले की त्याचा एक फेरा होतो. त्याचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर वाल्व्ह उघडतो. एका सिलिंडरला दोन वाल्व्ह धरले तर तीन सिलिंडरला सहा आणि चार सिलिंडरला आठ टॅपेट झाले.

बऱ्याच इंजिनांत टॅपेट आळंबीसारखा असतो. वर दांडा, खाली रुंद टाच. तो खालूनच बसवलेला असतो, वरून निघत नाही. त्याला खालून आधार फक्त क्यामशाफ्टचा. शाफ्ट ओढला की आधार गेला आणि टॅपेट खाली.

पडलेला टॅपेट "राहू दे आत" म्हणून चालत नाही. क्रँकच्या तडाख्यात आला तर ब्लॉक फुटू शकतो. ऑईल सोडायच्या भोकातूनही तो निघत नाही. त्यात काही ट्रॅक्टरचा चेंबर बिडाचा आणि वजन पेलणारा असतो. तो काढायचा तर ट्रॅक्टरचा पुढचा भागच वेगळा करावा लागतो.

धरून कसे ठेवायचे?

१) आधी बॅटरीची वायर काढा, चाकांना दगड लावा. रॉकर आणि पुशरॉड काढा. पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर टाकून पुशरॉड ओळीने लावून ठेवा.

२) इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवा. त्यामुळे प्रत्येक टॅपेट एकदा वर उचलला जातो आणि मोकळा आहे की नाही ते कळतं. मग टायमिंग गियरच्या खुणा जुळवा. खुणा दिसत नसतील तर गियर काढण्याआधी स्वतः करून घ्या.

३) टॅपेट वरून पोकळ असेल तर त्यात घट्ट बसेल अशी गुळगुळीत लाकडी काडी पुशरॉडच्या भोकातून घाला. काडीने टॅपेट पूर्ण वर ओढा आणि हेडच्या वर काडीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. चिमटा हेडवर टेकतो, टॅपेट लटकून राहतो.

४) काडी बसत नसेल तर लोहचुंबकाची दांडी वापरा. प्रत्येक टॅपेटला एक दांडी हवी.

५) नुसत्या ग्रीसवर विसंबू नका. उन्हात ग्रीस पातळ होतं, टॅपेट सरकतो.

इंजिन ट्रॅक्टरमधून उतरवलंच असेल तर ते उलटं करून काम करणं सगळ्यात बिनधोक.

शाफ्ट सरळ, फिरवत फिरवत ओढा. अडला तर हातोडा मारू नका. एखादा टॅपेट खाली आला असेल, तो आधी वर घ्या. शेवटी काड्या आणि चिमटे मोजून बाहेर काढा.

नवा शाफ्ट, जुने टॅपेट नको

टॅपेटची टाच ज्या उंचवट्यावर घासते, त्याच्याशीच तिचं जमलेलं असतं. जुना टॅपेट नव्या शाफ्टवर घातला तर नवा शाफ्टही लवकर झिजतो. पण आळंबीसारखे टॅपेट बदलायचे तर चेंबर काढावाच लागतो. हा खर्च काम सुरू करण्याआधीच बोलून घ्या. जुनाच शाफ्ट परत बसवणार असाल तर प्रत्येक टॅपेट आपल्याच जागी राहू द्या.

गॅरेजला ट्रॅक्टर लावताना मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा: टॅपेट वरून निघतात की खालून? ते कशाने धरणार? टॅपेट नवे घालायचे का? मी हे विचारलं असतं तर त्या वर्षीचा वाफसा हातचा गेला नसता.