खापर रेडिओवर, दोष पिनेत

रिमोटवर चालणारा छोटा रणगाडा मध्येच बंद पडला की पहिलं खापर फुटतं ते रेडिओवर. ‘रेंज गेली’ म्हटलं की विषय संपतो. वांद्र्यासारख्या दाटीवाटीच्या उपनगरात हे पटतंही चटकन. 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा केंद्र सरकारने 2005 मध्ये परवानामुक्त केला. मजल्यामजल्यावरचं वायफाय, ब्लूटूथ आणि हे रिमोट सगळे त्याच पट्ट्यात नांदतात. तरीही आरोपी बहुधा चुकीचाच पकडलेला असतो. आजचे बरेचसे रिमोट एका वारंवारितेवर ठाण मांडून बसत नाहीत, सेकंदात अनेकदा जागा बदलतात. एका ठिकाणी गोंगाट असला तर निरोप पुढच्या ठिकाणी पोचतो. शिवाय सोसायटीच्या आवारात अंतर असून असून असणार किती? जुन्या 27 मेगाहर्ट्‌झच्या सेटांची गोष्ट वेगळी होती. मोटरच्या ब्रशांपाशी उडणाऱ्या ठिणग्याच त्यांच्या संदेशात खरखर मिसळत, म्हणून मोटरच्या टोकांवर बारीक सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन बसवत. नव्या सेटातही ते असलेले बरे.

खरा दोष शोधायचा तर रणगाडा वळतो कसा ते पाहावं. त्याला स्टिअरिंग नाही. जागच्या जागी फिरायचं तर एका बाजूचा पट्टा पुढे आणि दुसऱ्या बाजूचा मागे जातो, आणि दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे घासले जातात. मोटरींना सगळ्यात जास्त करंट लागतो तो याच क्षणी. 1:16 प्रमाणाच्या मॉडेलात बऱ्याचदा सहा सेलची 7.2 व्होल्टची बॅटरी असते. तिच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या प्लगातली पिन ढिली किंवा काळवंडलेली असेल आणि तिथे ओहमचा दहावा भाग एवढाच अडथळा असेल, तर दहा अँपिअरला एक अख्खा व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतो. थकलेली बॅटरी आणखी एखादा गिळते. मग रिसीव्हरला पुरेसा दाब मिळत नाही, तो क्षणभर मिटतो आणि पुन्हा सुरू होऊन रिमोटशी जुळेपर्यंत गाडी निपचित पडते. बघणाऱ्याला वाटतं, सिग्नल तुटला.

दोन्हींतला फरक ओळखायला उपकरणं लागत नाहीत. रणगाडा ठोकळ्यावर असा ठेवावा की पट्टे अधांतरी फिरतील. अधांतरी नीट चालतो आणि फरशीवर वळताना मरतो, तर दोष विजेच्या वाटेत. अधांतरी असतानाही रिमोट दूर नेल्यावर अडखळतो, तर मात्र रेडिओकडे वळावं. तिथेही धातूच्या आवरणाखाली दडपलेली अँटेना हेच कारण अनेकदा निघतं, आणि तिचं टोक प्लास्टिकच्या भागात सरकवलं की काम होतं.

विजेच्या वाटेवर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपली हवा. समुद्राचा खारा दमटपणा पितळी पिनेवर हिरवट थर चढवतो, आणि पावसाळाभर कपाटात पडलेली गाडी दिवाळीच्या सुट्टीत ‘बिघडलेली’ निघते. जास्त करंट पेलणारा घट्ट प्लग, सांध्यांना ताजा डाग, साठवणीच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि बॅटरी काढून ठेवण्याची शिस्त यांनी निम्मं दुखणं जातं. किनाऱ्यावर तर गाडी नेऊच नये. ओली वाळू ग्रीसमध्ये बसली की ग्रीसचा पॉलिश पेपर होतो.

यावर छंदिष्टांचा ठरलेला आक्षेप असा: प्लास्टिकचे गिअर काढा, धातूचे बसवा, पट्टेही धातूचे घाला, भानगड मिटेल. गिअरचे दात झिजतात हे खरंच आहे. पण धातूचे पट्टे जड असतात, त्यांना ओढायला करंट वाढतो आणि तो त्याच नाजूक पिनेतून जातो. दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात सरकतं, एवढंच. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी प्लग आणि तारा, मग पट्ट्यांचा ताण, मग गिअर. ताण फार असेल तर बेअरिंग आणि मोटर दोन्ही सोसतात; फार ढिला असेल तर वळताना पट्टा उतरतो. हा ताण जुळवायला पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा त्याकडे कुणी बघत नाही.

दुसरा आक्षेप रास्त आहे: खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, चालत जाऊन उचलून आणता येतंच की. येतं. पुण्याजवळच्या दिघी इथे डीआरडीओच्या संस्थेने बॉम्ब हाताळण्यासाठी घडवलेल्या ‘दक्ष’ या रिमोटवरच्या यंत्रापाशी तशी सोय नसते. ते सुमारे पाचशे मीटरवरून चालवायचं, आणि माणसाने जवळ जाऊ नये हाच तर त्याचा हेतू. पण अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या मुलाला करंट, दाब आणि सांध्यातला अडथळा यांचं नातं समजून घ्यायला या खेळण्याहून स्वस्त साधन नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घट्ट प्लगाची जोडी मिळते ती नव्या गाडीच्या किमतीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशांत.