एकाच अब्राहामाची लेकरे : महाराष्ट्रातील यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम संवादाचा वारसा

सर्व धर्मांत संवाद व्हावा, असे आपण व्यासपीठावरून नेहमी बोलतो. परंतु हा संवाद कोण घडवितो, कोणत्या साधनांनी घडवितो आणि तो कशावर टिकतो, याचा इतिहासाच्या आधारे विचार क्वचितच केला जातो. आज पश्चिम आशियातील रक्तपाताची दृश्ये खेड्यापाड्यांतील मुलांच्या भ्रमणध्वनीवर येऊन पोहोचतात. ती पाहून यहुदी आणि मुसलमान हे जन्मजात वैरी आहेत, असा समज कोवळ्या मनात घर करतो. महाराष्ट्राचा इतिहास मात्र या समजाला आधार देत नाही. तो इतिहास विद्यार्थ्यांपुढे मांडणे, हा या लेखाचा हेतू आहे.

समान मूळ, खरे मतभेद

यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही धर्म एकेश्वरवादी असून तिघेही आपली परंपरा अब्राहामापर्यंत नेतात. मराठी बायबलातील अब्राहाम तोच कुराणातील इब्राहीम, मोशे तोच मूसा आणि येशू तोच ईसा. कुराणाच्या एकोणिसाव्या अध्यायाला येशूच्या मातेचे, मरियमचे, नाव आहे. असे असले तरी मतभेदही खरे आहेत. येशूला यहुदी मसीहा मानीत नाहीत. मुसलमान त्याला थोर पैगंबर मानतात, परंतु देवाचा पुत्र मानीत नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेचा तर तोच गाभा आहे. हे भेद झाकून ठेवून संवाद होत नाही. भेद ठाऊक असूनही शेजाऱ्याची प्रतिष्ठा राखणे, हाच आदराचा खरा अर्थ होय.

कोकणातील शनिवार तेली

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. कोकणात हा समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवी. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. त्यांनी मराठी ही मातृभाषा केली, गावावरून दिवेकर, किहीमकर, अष्टमकर अशी आडनावे घेतली आणि एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे व साखर यांचा 'मलिदा' करण्याची प्रथा जपली.

मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. इंग्रजी सैन्यात असताना दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. हे 'बनी इस्राएल' आहेत असे कळताच, ज्यांचा उल्लेख कुराणात आहे असे लोक आपण प्रथमच पाहत आहोत, असे म्हणून टिपूच्या मातेने त्यांच्या प्राणांसाठी रदबदली केली, अशी कथा या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ही परंपरेने चालत आलेली कथा आहे. परंतु एखादा समाज आपल्या पहिल्या प्रार्थनास्थळाचे श्रेय एका मुस्लिम मातेच्या करुणेला देतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

शब्दांचाही पुरावा पाहण्यासारखा आहे. मुंबईचे बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला 'मशीद' म्हणत. पुण्यात डेव्हिड ससून यांनी उभारण्यास घेतलेले आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग घड्याळाच्या उंच मनोऱ्यामुळे दुरून चर्चसारखे दिसते. पुणेकर मात्र त्याला 'लाल देऊळ' म्हणतात. यहुद्यांचे प्रार्थनास्थळ एका शहरात मशीद झाले आणि दुसऱ्या शहरात देऊळ झाले. लोकभाषेने परक्याला आपल्या घरातील शब्द दिला.

वादापेक्षा शाळेचे कार्य मोठे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती मिशनरी आणि अन्य धर्मांचे पंडित यांच्यात मुंबईत जाहीर वाद झडले. डॉ. जॉन विल्सन हे त्यांतील एक अग्रणी. वादात कोणी कोणाला जिंकले, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. परंतु त्याच विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, आणि मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुले शिकली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. बेने इस्राएल समाजाने शिक्षण घेतले, मराठी बायबलातून आपलेच प्राचीन ग्रंथ नव्याने वाचले आणि बहुतांशी स्वधर्मात राहून तो अधिक डोळसपणे आचरला. पुढे १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाची स्वतंत्र शाळा काढली. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगशेजारी ससून कुटुंबाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. यहुदी दात्याच्या वास्तूत मुस्लिम मुले शिकतात, यापेक्षा संवादाचे अधिक बोलके उदाहरण कोणते?

आपल्या जिल्ह्याचा वाटा

नेवासे ही ज्ञानेश्वरीची भूमी. संस्कृतातील ज्ञान येथे लोकभाषेत आले. याच जिल्ह्यातील श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचला. मुसलमान घरात जन्मलेला हा साधक मराठी संतपरंपरेत मानाने गणला जातो. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगर येथे काम सुरू केले. नेवासे तालुक्यातील वडाळा हे त्याचे एक महत्त्वाचे ठाणे बनले. गावकुसाबाहेरच्या महार-मांग समाजांतील अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो प्रामुख्याने याच परिसरात.

पुढे नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा मराठी बाज उचलून त्यातून बायबलातील आख्याने सांगितली. मुंबईच्या बेने इस्राएल मंडळींनीही १८८० च्या सुमारास हाच प्रकार आपलासा केला आणि अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनांतून गाइल्या. आख्याने निराळी होती, श्रद्धा निराळ्या होत्या; टाळ आणि भाषा मात्र एक होती.

आदराची कसोटी : समता

येथे एक कटू सत्यही नोंदविले पाहिजे. या तिन्ही धर्मांच्या शिकवणुकीत ईश्वरापुढे सर्व माणसे समान आहेत. परंतु या भूमीवरील जातिव्यवस्थेने तिघांनाही ग्रासले. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते व त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. मुसलमानांतील अश्रफ, अजलाफ आणि अरजल या उतरंडीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात लक्ष वेधले आहे. ख्रिस्ती झाल्यावरही पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांच्या मागची जात सुटली नाही. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांना तर तेथे विवाहाच्या प्रश्नावर आपले यहुदीपण सिद्ध करण्याची पाळी आली आणि पूर्ण समानतेच्या मान्यतेसाठी १९६४ पर्यंत लढावे लागले. महाराष्ट्रात धर्मावरून ज्यांचा छळ झाला नव्हता, त्यांना स्वधर्मीयांच्या राज्यात समतेसाठी आंदोलन करावे लागले. म्हणून दोन धर्मांच्या प्रमुखांनी एकमेकांना हार घालणे पुरेसे नाही. प्रत्येक धर्माने आपल्या घरातील उतरंडीविषयीही बोलले पाहिजे. तो संवाद झाल्याविना बाहेरचा संवाद पोकळ राहतो.

जोतीरावांनी दाखविलेले घर

जोतीरावांचे शिक्षण मध्येच सुटले, तेव्हा ते पुन्हा सुरू करावे म्हणून त्यांच्या वडिलांचे मन वळविणारे गफार बेग मुन्शी हे मुसलमान होते आणि लिजिट साहेब हे ख्रिस्ती. या ऋणाची जाण ठेवणाऱ्या जोतीरावांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात एका आदर्श कुटुंबाचे चित्र रेखाटले आहे. त्या एकाच घरात स्त्रीने बौद्ध धर्म स्वीकारावा, पतीने ख्रिस्ती, कन्येने इस्लाम आणि पुत्राने सत्यधर्म. आणि सर्वांनी परस्परांचा द्वेष न करता प्रेमाने नांदावे. कॅथलिक चर्चने यहुदी व मुस्लिमांविषयी आदराची अधिकृत भूमिका जाहीर केली ती १९६५ मध्ये. अबुधाबीत मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात उभी राहिली ती २०२३ मध्ये. जोतीरावांचे घर त्यापूर्वीच महाराष्ट्रात कागदावर उभे होते.

ते घर प्रत्यक्षात येऊ शकते, याची चुणूक संकटकाळी दिसते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. नरिमन हाउस येथील यहुदी केंद्रात निरपराध माणसांची हत्या करण्यात आली. तेव्हा मुंबईतील मुस्लिम संस्थेने मारेकऱ्यांना आपल्या दफनभूमीत जागा देण्यास नकार दिला. निरपराधांचा जीव घेणारा आमचा नव्हे, ही घोषणा त्या नकारातून साऱ्या जगाने ऐकली.

निवासी शाळेचे कर्तव्य

बौद्ध म्हणून आपण या तीन धर्मांच्या कुटुंबाबाहेरचे आहोत. त्यामुळे त्यांच्यात कोणाची बाजू घेण्याची आपल्याला गरज नाही. यजमानाचे काम मात्र आपण चांगले करू शकतो. त्यासाठी तीन नियम पुरेसे आहेत. कोणताही धर्म त्याच्या विरोधकाकडून न शिकता त्याच्या ग्रंथांतून आणि अनुयायांकडून समजून घ्यावा. आपल्या धर्मातील आदर्शाची तुलना दुसऱ्याच्या आदर्शाशी करावी. आपला आदर्श आणि दुसऱ्याचे दोष अशी तुलना करू नये. आणि समतेचा प्रश्न सर्वांना, स्वतःलाही, सारख्याच निर्भयपणे विचारावा.

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले आहे, आणि उद्देशिकेने बंधुतेचे वचन दिले आहे. स्वातंत्र्य कायद्याने मिळते. बंधुता मात्र वसतिगृहाच्या एका पंगतीत, एका बाकावर आणि एका पाणवठ्यावर रोज घडवावी लागते. दूरच्या युद्धाच्या बातमीवरून शेजारच्या मुलाला कोणी वैरी ठरवू लागला, तर त्याला शनिवार तेल्यांची, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची आणि गफार बेग मुन्शींची ओळख करून द्यावी. इतिहासाच्या शिक्षकाला करता येण्याजोगे याहून मोठे काम नाही.