मज्जातंतूचे गणित आणि विद्यापीठाचे सामाईक खाते

मज्जातंतूतून धावणाऱ्या विद्युत्संदेशाची समीकरणे मांडून १९६३ च्या नोबेल पारितोषिकाचे वाटेकरी ठरलेले अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांची कीर्ती शरीरक्रियाशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते; परंतु त्या समीकरणांची उत्तरे काढण्याची वेळ आली तेव्हा आपल्याच केंब्रिज विद्यापीठातील ज्या सामाईक खात्याकडे ते दोघे भरवशाने पाहत होते, त्याची हकिकत मज्जाविज्ञानाच्या ग्रंथांत क्वचितच विस्ताराने येते.

हे खाते म्हणजे १९३७ साली स्थापन झालेली मॅथेमॅटिकल लॅबोरेटरी. कोणत्याही एका विषयाच्या दिमतीस न राहता विद्यापीठाच्या सर्व शाखांना आकडेमोडीच्या कामी साह्य करावे, हाच तिच्या स्थापनेमागील हेतू होता. महायुद्धानंतर मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे सुमारे ३,००० व्हॉल्व्हांचा ‘एडसॅक’ हा संगणक उभा राहिला आणि ६ मे १९४९ रोजी त्याने आपले पहिले गणित सोडविले. तथापि विल्क्स यांची दूरदृष्टी मला यंत्राच्या उभारणीपेक्षा त्याभोवती त्यांनी घातलेल्या बंदोबस्तात अधिक दिसते. वारंवार लागणाऱ्या गणितकृती कागदी फितींवर छिद्रांकित करून त्यांचा संग्रह पोलादी कपाटात ठेवला गेला, जेणेकरून एका संशोधकाने केलेली मेहनत दुसऱ्यास नव्याने करावी लागू नये. १९५० च्या सप्टेंबरात नवख्यांसाठी पहिला उन्हाळी वर्ग भरला. १९५१ मध्ये विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी संगणकास आज्ञा कशा लिहून द्याव्यात याचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. आणि ज्यांचे शिक्षण पुरे झाले त्यांना रात्रीच्या वेळी स्वतः यंत्र चालविण्याची मुभा मिळाली. यंत्र, संग्रह, शिक्षण आणि विश्वास या चारही गोष्टी एकाच छपराखाली आल्या, म्हणूनच रसायनापासून जीवशास्त्रापर्यंतचे लोक त्या दारात येऊ लागले.

हॉजकिन आणि हक्सले यांची गरज निकडीची होती. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत १९४९ च्या उन्हाळ्यात माकुळाच्या जाड मज्जातंतूवर घेतलेल्या मोजमापांवरून त्यांनी समीकरणे आणि त्यांतील स्थिरांक १९५१ च्या मार्चपर्यंत निश्चित केले, आणि नेमके त्याच वेळी ‘एडसॅक’मध्ये मोठे फेरफार करावयाचे असल्यामुळे तो सुमारे सहा महिने बंद राहणार असल्याचे त्यांना कळले. तेव्हा हक्सले यांनी हाताने फिरविण्याचे ‘ब्रुन्सविगा’ गणकयंत्र पुढे ओढले. तंतूवरून पुढे सरकणाऱ्या एका संदेशाचे गणित पुरे होण्यास सुमारे तीन आठवडे लागले. त्यातून संदेशाचा वेग सेकंदास १८.८ मीटर निघाला, आणि प्रत्यक्ष मोजलेला वेग २१.२ मीटर होता. हे कार्य १९५२ साली प्रसिद्ध झाले. ही कथा सहसा वैयक्तिक चिकाटीचा गौरव म्हणून सांगितली जाते, आणि तो गौरव यथार्थच आहे. परंतु सामाईक सेवा बंद पडली असता एका श्रेष्ठ प्रज्ञावंताचे आठवडे यंत्राचा दांडा फिरविण्यात खर्ची पडतात, हेही त्याच कथेत लिहिलेले आहे.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डेनिस नोबल या तरुण संशोधकाने तीच समीकरणे हृदयाच्या स्नायूस लागू करण्याचे योजिले, तेव्हा लंडन विद्यापीठाच्या ‘मर्क्युरी’ संगणकावर त्याच्या वाट्यास पहाटे दोन ते चार ही वेळ आली. तेथून निघून खाटीकखान्यातून मेंढ्यांची हृदये आणावयाची आणि दिवसभर त्यांवर प्रयोग करावयाचे, असा त्याचा क्रम असे. १९६० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रात्रीचे हे दोन तास सामाईक यंत्राने दिले नसते, तर हृदयाच्या ठोक्याचे गणित त्याच्या हातून तेव्हा पुरे होणे दुष्कर होते.

मेंदूच्या चित्रणाच्या युगात ही गरज शतगुणित झाली. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथे १९९४ साली सुरू झालेल्या प्रयोगशाळेत चुंबकीय यंत्राजवळ भौतिकशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि संगणकज्ञ एकत्र नांदले. कार्ल फ्रिस्टन यांनी आरंभिलेली ‘एसपीएम’ ही गणनप्रणाली त्यांनी जगास विनामूल्य दिली आणि ती शिकविण्याचे वर्गही चालविले. अशा शिक्षणाचे मोल २०१६ साली ठळकपणे दिसून आले. अँडर्स एक्लुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुट्सन यांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या मेंदूचित्रांवर प्रचलित प्रणालींची परीक्षा केली, तेव्हा काही रीतींत शेकडा ५ अपेक्षित असलेला खोट्या निष्कर्षांचा धोका शेकडा ७० पर्यंत चढत असल्याचे आढळले. एका प्रणालीत तर १५ वर्षे एक चूक कोणाच्या लक्षात न येता राहिली होती. प्रणालीतील कळी दाबणे सोपे असते. त्या कळीमागील गृहीतक जाणणारा मनुष्य शेजारच्या खोलीत असणे, ही निराळी सोय आहे, आणि माझ्या मते तीच अधिक दुर्मिळ आहे.

अशा मनुष्याची नेमणूक मात्र बहुधा हंगामी असते. संशोधनाचे अनुदान काही वर्षांच्या मुदतीचे. मुदत सरली की त्याची जागाही जाते, आणि शोधनिबंधावर नाव नसल्याने बढतीच्या दप्तरात त्याच्या कामगिरीची नोंद सापडत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली ‘टेक्निशियन कमिटमेंट’ या नावाने तंत्रज्ञांची दखल, बढती आणि स्थैर्य यांविषयीचा जो करार अनेक विद्यापीठांनी मान्य केला, तो याच उणिवेपोटी. त्यात वेतनाच्या कायम तरतुदीची जोड जेथे मिळेल, तेथेच तंत्रज्ञ आपला हुन्नर पुढच्या शागिर्दाच्या हाती देईपर्यंत टिकून राहील.